उष्टा आकडा

अव्या,

तुला विद्युतदाहिनीत ढकललं तेव्हा मी तुझ्याकडे बघत नव्हतो. दाराशेजारच्या डब्यात तापमानाचा लाल आकडा होता, त्याच्याकडे बघत होतो. दार धाडकन खाली आलं, आत काहीतरी भडकल्याचा आवाज झाला, आकडा जरासा घसरला आणि पुन्हा चढायला लागला. तुझ्या जाण्याची एवढीच नोंद मला घेता आली.

"आकडा खरा हाय ना, सायेब?" मागून कोणीतरी म्हणालं.

वळलो तर गोरख. आपण काम घेतलं होतं त्या राळेच्या कारखान्यातला फिटर. ज्याचा जबडा तू मोडलास तो. केस पिकलेत, जबडा अजून एका बाजूला कललेला आहे.

"तुमास्नी इचारतोय. तुमीच शाने ना त्यातले."

मी काही बोललो नाही. तुला माहीत आहे, माझं सगळं आयुष्य काही न बोलण्यात गेलंय. लोक त्याला मितभाषीपणा म्हणतात. सोसायटीत माझा त्यासाठी मान आहे.

आपल्या बॅचच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. जिवलग मित्र, धंद्यातला भागीदार, दुसरं कोण लिहिणार? लिहिलंही मी. गुणी, मनस्वी, थोडा तापट, काळाच्या पुढचा वगैरे. ते फाडलं, कोणी ते पुढे सांगतो. हे दुसरं आहे. तू ऐकणार नाहीस हे ठाऊक असल्यामुळेच बहुधा सुचतंय.

नारायण पेठेतली आपली खोली आठवते का, विचारणार होतो. मूर्खासारखा प्रश्न. तुला ती कधी विसरता आली? खाली वह्या बांधणारा, त्याच्या खळीचा वास, वर आपण दोघं आणि टेबलभर तारा. वाचणाऱ्यांसाठी सांगतो, तू कंटाळू नकोस. कारखान्यातल्या शेकडो तारा एका खोलीत येतात. कुठली तापमान सांगते, कुठली दाब, कुठली टाकीतली पातळी. प्रत्येकीला वेगळं मोजयंत्र देणं शक्य नसतं. म्हणून मोजणारं एकच ठेवायचं आणि तारा एकामागून एक त्याच्या तोंडाला लावायच्या. हे लावण्या-सोडण्याचं कार्ड तू बनवायचास. कधी लावायचं, किती थांबायचं, कधी मोजायचं, हे सांगणारा प्रोग्रॅम मी लिहायचो.

गोम थांबण्यात होती. एक तार सोडून दुसरी लावली की पहिलीचा अंश क्षणभर मागे राहतो. तो ओसरायच्या आत मोजलं तर दुसरीच्या नावावर पहिलीचा आकडा लागतो. पुस्तकात त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. तू त्याला उष्टा आकडा म्हणायचास. "शेजारच्या ताटात बोट घालून स्वतःच्या ताटाची चव सांगतोय भडवा!"

धडधाकट तार हे उष्टं पटकन धुऊन टाकते. तुटलेली तार कशाने धुणार? तिच्यातून काही येतच नाही. त्यासाठी तू कार्डात सोय केली होतीस. तार तुटली की तिचा आकडा आपोआप वर वर चढत जायचा आणि संगणकाच्या पडद्यावर लाल होऊन बोंबलायचा. पण चढायला त्याला सवड लागायची.

"तुटलेल्याला बोंब मारायला वेळ लागतो, मोन्या. तेवढा दे त्याला."

कार्ड बाहेर पाठवण्याआधी तू जे करायचास ते बघायला खालचा वह्यावाला जिना चढून यायचा. उपटाउपटी. चालू यंत्रातून एकेक तार अशी हिसडून काढायचास की टेबल हलायचं, आणि पडद्यापुढे ओरडायचास, "बोंबल! बोंबल की!" बोंबललं की कार्डाला शाबासकी आणि पुढची तार. एकदा मी म्हणालो, बास झालं, एवढ्या उपटल्या, बाकीच्याही चालतीलच. तू हातातली सोल्डरिंगची तापलेली सळई फेकून मारलीस. माझ्या दंडावर तो डाग आहे. "चालतीलच म्हणजे काय रे? तुझ्या बापाने बघितलंय?" आणि मग स्वतःच धावत खाली जाऊन बर्फ आणलास, दंड धरून बसलास, आणि बर्फ लावता लावताही मला शिव्या घालत होतास. हे तापटपण नव्हतं. मी पहिल्या मसुद्यात तापट लिहिलं होतं ते खोटं आहे. तुला चुकीच्या आकड्याची शारीरिक चीड होती, जशी काहींना पालीची असते.

त्या दिवसांत बाजार नुकता उघडला होता. परदेशी यंत्रणा खोक्यांतून यायला लागल्या होत्या, गुळगुळीत, रंगीत. आपण दोघं, एक खोली आणि तुझं कार्ड. राळेच्या कारखान्यातलं काम म्हणजे आपली पहिली मोठी उडी. मालकांचा मुलगा बाहेरून प्रदर्शन बघून आला होता. आपल्या पडद्यापुढे उभा राहून म्हणाला, "त्यांचा पडदा पापणी लवायच्या आत बदलतो. तुमचा बदलेपर्यंत माझा चहा संपतो."

तू म्हणालास, "मग दोन कप प्या."

तो हसला नाही. तू तारा ओढायला निघून गेलास. मी तिथेच उभा होतो. तो मला हळूच म्हणाला, "तुम्ही समंजस वाटता. बघा काही करता आलं तर." तेवढ्याने मी विरघळलो, अव्या. आयुष्यभर तुझ्या शेजारी उभं राहिल्यावर कोणीतरी मला समंजस म्हटलं होतं.

मी थांबायची वेळ कापली. थोडीथोडकी नाही, चांगली कापली. टेबलावरच्या सगळ्या तारा बरोबर आकडे देत होत्या. देणारच, सगळ्या धडधाकट होत्या. एकही उपटून बघितली नाही. तू जेवायला गेलास तेव्हा पॅनेलमधली प्रोग्रॅमची जुनी चिप काढून नवी बसवली. पडदा झपाझप बदलायला लागला. मालकांच्या मुलाने माझ्या पाठीवर थाप मारली. तू दिवसभर तारांमध्ये, पडद्यापुढे क्वचितच; तुला वाटलं, तुझ्या त्या दोन कपांनी त्याचं तोंड बंद झालं. चार माणसांत अभिमानाने सांगायचास.

आता तो दिवस.

एक नंबर आणि दोन नंबर, शेजारी शेजारी राळ शिजवायचे दोन रिअ‍ॅक्टर. एक नंबरचं काम उरकत आलं होतं, तो थंड होत होता. दोन नंबरमध्ये नुकता माल चढवला होता, तो तापणार होता. आपण दोघं पडद्याच्या खोलीत. तू वाकून बघत होतास, आणि अचानक बोट ठेवलंस.

"हे दोघं बरोबर कसे चाललेत?"

दोन्ही आकडे सारखे होते. एकाचा उतरला की दुसऱ्याचाही उतरत होता. मला कळलं. तिथेच, त्याच क्षणी कळलं. दोन नंबरची तार सुटली आहे आणि पडद्यावर एक नंबरचं उष्टं दिसतंय, दोन नंबर आत किती तापलाय ते कोणालाच दिसत नाही, हे मला तुझ्याही आधी कळलं.

तू माझ्याकडे वळलास. "काही बदललंस का रे?"

"नाही."

अव्या, त्या एका शब्दाचं मी नंतर काय काय केलं असेल! घशात बोटं घालून उलटी काढावी तसा तो बाहेर काढायचा प्रयत्न केला. हो म्हटलं असतं तर तू मला तिथेच तुडवलं असतंस, आणि तुडवता तुडवता ओरडून दोन नंबरवर गार पाणी सोडायला लावलं असतंस. पण मी नाही म्हणालो, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास. म्हणालास, "मग कोणीतरी तारांची अदलाबदल केलीय." आणि रिअ‍ॅक्टरला हात लावून बघायला बाहेर गेलास.

आवाज स्फोटाचा नव्हता. कापड फाटावं तसा, पण आभाळाएवढं कापड. दोन नंबरच्या झाकणाचं पॅकिंग फाटलं आणि उकळती राळ आडवी उडाली. पडद्याच्या खोलीची काच माझ्या तोंडासमोर पांढरी झाली. बाहेर कोणीतरी जनावरासारखं ओरडत होतं. तो तूच होतास हे कळायला मला वेळ लागला, कारण तुला दुखल्यावर ओरडताना मी कधी ऐकलंच नव्हतं.

सगळे तुझ्याकडे धावले. मी पॅनेलकडे धावलो.

हे वाक्य पुन्हा वाचलं. तसंच ठेवतो. सगळे तुझ्याकडे धावले आणि मी पॅनेलकडे धावलो. नवी चिप उपटली, जुनी बसवली. तुझ्याकडूनच शिकलो होतो, चिप वाकडी न करता कशी बसवायची ते.

बाहेर आलो तर तू गोरखला मारत होतास. तुझी डावी बाही हाताला चिकटून वितळली होती, मानेवरची कातडी सुटून लोंबत होती, आणि तू उजव्या हाताने त्याला पाण्याच्या पाइपावर आपटत होतास. "तारा बदलल्यास! माझ्या तारा बदलल्यास, हरामखोरा!" तो म्हणत होता, "सायेब, म्या न्हाई, आई शप्पत म्या न्हाई." तू त्याच्या तोंडावर मारलंस. ठक असा आवाज आला. त्यानंतर त्याला शप्पत घेता आली नाही. चौघांनी तुला ओढलं तरी तू सुटून पुन्हा त्याच्यावर गेलास. मी तिथे होतो. हात खिशात होता. चिपचे पाय मांडीला टोचत होते.

दवाखान्यात, पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला, तू मला पहिला प्रश्न विचारलास, "तुला लागलं नाही ना?"

गोरख त्याच सकाळी बहिणीच्या लग्नाची रजा संपवून कामावर आला होता. त्या पॅनेलला त्याने हातसुद्धा लावलेला नव्हता. हे कळलं तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलंस. तारांची अदलाबदल झालेली नाही, नुसती एक सुटलेली, तर मग ती बोंबलली का नाही, उष्टं आलं कुठून? प्रोग्रॅम मोन्याचा, आणि मोन्या म्हणाला काही बदललं नाही. उरलं एकच. तुझं कार्ड.

त्या कार्डावर तू मनातल्या मनात खटला भरलास आणि त्याला वकीलही दिला नाहीस. पॅनेलच्या डब्यात उकाडा वाढला की कार्डातला तारा लावणारा स्विच गळत असणार, एका तारेचं दुसरीत झिरपत असणार, असं तू ठरवून टाकलंस. कंपनी बंद केलीस. नवी कार्डं बनवणं सोडलंस. मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो. बँकांचे प्रोग्रॅम, परदेशवाऱ्या, सगळं रीतसर. तू कसबा पेठेत इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान घातलंस. तुझ्यासारख्या माणसाने. लोक विचारायचे तेव्हा तू सांगायचास, "कार्डापायी माणूस मरता मरता राहिला, आता बॅटरीत पाणी घालतो."

आणि तो दिवस, अव्या, आमच्या स्वयंपाकघरातला. भर उन्हाळ्यात तू पिशवीत एक जुनं कार्ड घेऊन आलास. माझ्या बायकोच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये ते ठेवलंस, तारा बाहेर काढल्यास, मला म्हणालास, तुझा प्रोग्रॅम लाव. मी लावला. जुना, बरोबर असलेला. ओव्हन तापवलास आणि तारा उपटायला लागलास. प्रत्येक तार बोंबलली. आणखी तापवलंस. बोंबलली. प्लास्टिक करपायला लागलं, बायको दारात उभी राहून नाकाला पदर लावत होती, आणि कार्ड खरं बोलत होतं, पुन्हा पुन्हा.

"का गळत नाहीस?" तू कार्डाला विचारत होतास. "तेव्हा गळलास, आता का गळत नाहीस? बोल ना, भडव्या!"

तू ओव्हनमधून ते उघड्या हाताने ओढून काढलंस, फरशीवर ठेवलंस आणि बत्त्याने ठेचलंस. चुरा होईपर्यंत ठेचलंस. फरशी फुटली. मी म्हणालो, "जाऊ दे रे."

जाऊ दे रे! मला त्या वेळी कोणी जिवंत जाळायला हवं होतं.

तू गेल्यावर परवा वाघोलीला गेलो. गोरखच्या शेतावर आता इमारती आहेत. एक त्याची स्वतःची, वरच्या खोल्यांत आयटीतली पोरं भाड्याने. जिन्यातला विजेचा बोर्ड बघून मी थबकलो. तारा अशा एका ओळीत, वळणं अशी काटकोनात, दुसरं कोणीच करत नाही.

"अविनाश सायबांनीच केलंय," गोरख म्हणाला. "यायचे अधनंमधनं. पैल्यांदा आले तवा ह्या इथं माझ्या पायावर डोकं ठिवलं. म्या म्हनलं, सायेब, उठा, लोक बगत्यात. उठंनात. चूक माझ्या कार्डाची हुती म्हनले अन् मारलं तुला. म्या किती डाव सांगितलं, सोडा आता. न्हाई सोडलं. जेवायला बसले की माझ्या तोंडाकडं बगायचे, म्या चावतो कसा ते. मग त्यांचाच घास उतरायचा न्हाई."

मी सांगितलं त्याला. वेळ कापल्याचं, नाही म्हटल्याचं, चिप बदलल्याचं. ओव्हनचंही सांगितलं. सांगून झाल्यावर तो उठला, मला वाटलं आत जातोय. त्याने माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी खुर्चीसकट भिंतीवर गेलो. तोंडात रक्ताची चव आली.

"ही माझी न्हाई," तो म्हणाला. धापा टाकत होता. "माझं अन् त्यांचं कवाच मिटलंय. ही त्यांची. ते असते तर त्यांनी मारली असती, आता त्यांचा हात न्हाई म्हनून." मग खुर्ची उचलून सरळ ठेवली. "वैनींना सांगितलंत?"

"नाही."

"मग माझ्याकडं काय आलाय आदी? मार खायाला सोपं जातं म्हनून? जावा. तितं कोन मारनार न्हाई. तितं जास्ती लागंल."

नीलावहिनींकडे गेलो. गाल सुजलेला होता, त्यांनी विचारलं नाही. तुझी बायको, तुझ्यासारखीच. पहिला मसुदा मी घडी करून नेला होता. त्यांनी तो वाचला. "गुणी, मनस्वी, थोडा तापट," त्या मोठ्याने म्हणाल्या. "हे कोणाबद्दल आहे, भावजी? तुमच्या ऑफिसातल्या साहेबांबद्दल का?"

मग सांगितलं. गोरखला सांगितलं त्याहून वाईट सांगितलं, अडखळत, पाणी पीत. मी "तेव्हा प्रोग्रॅममध्ये थोडा बदल झाला" असं म्हणालो, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"झाला?"

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"आणि ओव्हनच्या दिवशी तुम्ही तिथेच होतात."

"हो."

"घरी येऊन त्याने त्याच बत्त्याने स्वतःचा हात ठेचून घेतला. कार्डं बनवायचा तो हात. येताना तुमच्याकडचा बत्ता घेऊनच आला होता तो. मला म्हणाला, हात दुकानाच्या शटरमध्ये सापडला; रक्त लागलेला बत्ता मला मग पिशवीत दिसला." त्या रडल्या नाहीत. तो मसुदा त्यांनीच फाडला, बारीक बारीक, आणि तुकडे माझ्या समोरच्या पाण्याच्या भांड्यात टाकले. "तो शेवटपर्यंत म्हणत होता, नीला, एवढंच कळायला हवं होतं, का गळलं. डॉक्टरांसमोरसुद्धा."

माझ्याने मान वर करवेना.

"लिहा," त्या म्हणाल्या. "त्यालाच उद्देशून लिहा आणि सगळ्यांना वाचू दे. 'आमची चूक' असं दोघांत वाटून लिहू नका, तुम्हाला ती सवय आहे. चूक झाली असंही लिहू नका. चुका अशा आपोआप होत नाहीत."

वाचणाऱ्यांपैकी कोणाला याचं पुढे काही करायचं असेल तर माझा पत्ता बॅचमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. मी कुठे जाणार नाही. अव्या, तुझ्याशी वाद घालण्यात मी कधी जिंकलो नाही, आणि या एका वादात तू हरलास, कारण मी तुला उत्तर दिलं नाही. तू विचारलं होतंस, काही बदललंस का.

हो. मी बदललं. दोन नंबरची तार सुटली होती आणि तिला बोंब मारायला लागणारी वेळ मी कापली होती. गोरखने काही केलं नव्हतं. तुझं कार्ड कधीच गळलं नाही. ते त्या दिवशीही बरोबर होतं.